पंचविशीतच अंग गळायलंय आणि सांधे दुखायलेत? कारण कसं शोधायचं ते बघा

वय चोवीस-पंचवीस, रात्रभर झोपूनबी सकाळी अंग मोडून आलेलं, जिना चढला की पायातला जीव गेल्यासारखं, मनगटं गुडघे कंबर आळीपाळीनं दुखायलेत, आणि घरी सांगितलं की उत्तर ठरलेलं, तो मोबाईल ठेव बाजूला. मग पोरगं गल्लीतल्या दवाखान्यात जातं, एक सुई एक सलाईन, दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कोणीतरी फुल बॉडी चेकअपचं पॅकेज सांगतं, जाडजूड रिपोर्ट येतो, त्यात एक तर सगळं नॉर्मल नाहीतर दोन ठिकाणी ठळक अक्षरात कायतरी, ते गुगलवर टाकून रात्रभर झोप नाही.

मी लातूरला लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करतो. डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही, पण अशी तरणी लेकरं रोज समोर बसतात त्यामुळं एक गोष्ट पक्की कळलीय की लोकांचा क्रमच उलटा असतो. आधी सुई, मग शंभर टेस्ट, आणि दुखणं नेमकं कसंय हे बघायचं राहूनच जातं. आपण सरळ क्रमानं जाऊ.

आधी आठवडाभर दुखण्यावर लक्ष ठेवा

वहीत लिहा नाहीतर मोबाईलमध्ये, पण लिहा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुखणं सकाळचंय का संध्याकाळचं. एक बाई मला रक्त देता देता म्हणल्या, सकाळी पीठ मळायला घेतलं की बोटं वळतच नाहीत, भाकरी थापायला गेलं की कडेनं फाटते, अंगठी निघत नाही, आणि दहा वाजले की हात एकदम मोकळा. हे झालं सांध्याच्या आत सूज असल्याचं लक्षण. बसून राहिलं की आखडतं, हालचाल केली की सुटतं, आणि सकाळचा आखडलेपणा अर्धा-एक तास किंवा जास्तच टिकतो. ह्याच्या उलट दिवसभर काम झालं की संध्याकाळी दुखतं, झोपून उठलं की बरं, सूज नाही, तर ते बहुतेक ताकद कमी पडल्याचं, कुठलीतरी कमतरता असल्याचं नाहीतर बसण्या-उठण्याच्या सवयीचं दुखणं.

दुसरं, सांधा दिसायला सुजलाय का नुसता दुखतोय. सूज असेल तर सकाळी उठल्या उठल्या फोटो काढून ठेवा, कारण गावाकडून एसटीनं येऊन नंबर लावून डॉक्टरसमोर बसेपर्यंत दुपार होते आणि तोपर्यंत सूज उतरलेली असते, मग डॉक्टर म्हणतात इथं तर काहीच नाही. घरच्या घरी एक करून बघा, हात मिळवताना दाबतो तसं कोणाला तरी तुमची चार बोटं मुळाशी आडवी दाबायला लावा, जोरात नाही हां. कळ आली तर लिहून ठेवा.

मग बाकीचं. ताप येतो का, विशेषतः संध्याकाळी. वजन उतरलंय का. तोंड येतं का, केस जास्त गळायलेत का, उन्हात गेलं की गालावर लाल चट्टे उठतात का, डोळा लाल होऊन दुखला होता का, डोक्यात किंवा कोपरावर पांढरे पापुद्रे सुटणारे डाग आहेत का. महिन्या-दोन महिन्यात जुलाब नाहीतर लघवीची जळजळ होऊन गेली का, कारण त्याच्यानंतर सांधे धरायचा एक प्रकार असतो. बायांनी पाळीत किती अंगावरून जातं ते, आणि बाळंतपण किती महिन्यापूर्वी झालं तेबी लिहा. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडणं आणि आमवात (सांधे सुजवणारा आजार) सुरू होणं दोन्ही होतं, आणि घरचे त्याला बाळंतवाताचं दुखणं म्हणून शेक-शेगडीवर काढतात.

पहिली साधी कारणं, जी लई जणांना असतात

रक्त कमी. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी. पण खरी गोम ही की हिमोग्लोबिन ठीक असतानाबी शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो आणि थकवा तिथूनच सुरू झालेला असतो. त्यासाठी फेरिटिन नावाची टेस्ट लागते, ती साध्या सीबीसीत म्हणजे रक्तातल्या पेशींच्या तपासणीत येत नाही, वेगळी सांगावी लागते. फक्त अंगात सूज किंवा इन्फेक्शन असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून ते सीआरपी ह्या सूज दाखवणाऱ्या टेस्टबरोबर बघतात.

सीबीसीमधला एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार बघा. ८० च्या खाली म्हणजे पेशी बारीक, बहुतेक लोह कमी, नाहीतर थॅलेसेमिया ह्या रक्ताच्या जन्मजात आजाराचा वाहक. १०० च्या वर म्हणजे पेशी मोठ्या, तिथं बी-१२ चा संशय. आणि आपल्याकडं दोन्ही एकदम कमी असणारे खूप, मग लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी येऊन एमसीव्ही छान नॉर्मल दिसतो आणि पेशंट खूश होऊन घरी जातो. त्याच कागदावर आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारातला फरक वाढलेला असतो, तिकडं कोणाचं लक्षच जात नाही.

बी-१२ चं म्हणाल तर माळकरी घर असेल, अंडं-मटण वर्ज्य, दूध चहापुरतंच, तर कमी निघायची शक्यता धरूनच चाला, कारण भाजीपाल्यात बी-१२ नसतं, कितीबी मेथी-पालक खा. हाता-पायाला मुंग्या, तळव्यांची आग, विसरायला होणं, जीभ गुळगुळीत होऊन झोंबणं ही त्याची लक्षणं. २०० च्या खाली म्हणजे कमी. रोज सकाळी गॅसची गोळी खायची ज्यांना वर्षानुवर्षं सवय लागलीय त्यांचंबी बी-१२ घसरतं. आणि हात जोडून सांगतो, ती बी-१२ ची लाल सुई घेतल्यावर टेस्ट करायला येऊ नका, आकडा आभाळाला टेकलेला येणार आणि खरं काय होतं ते कधीच कळणार नाही. आधी रक्त द्या मग सुई घ्या.

व्हिटॅमिन डी. मराठवाड्यात उन्हाची काय कमी, असं सगळेच म्हणतात, पण ते ऊन अंगाला लागायला तर पाहिजे. लातूरला क्लासवाली पोरं, संभाजीनगरला स्पर्धा परीक्षावाली, सकाळी सातला अभ्यासिकेत शिरतात ते रात्रीच बाहेर, आणि गाडीवर जाणाऱ्या पोरी स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून फक्त डोळे उघडे ठेवतात. एप्रिल-मेमध्ये त्यांचं चुकतंय असंबी म्हणवत नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा ह्याला उपयोग नसतो. डी कमी असलं की हाडं ठणकतात, नडगी दाबली की दुखते, मांड्यांत ताकद राहत नाही, खाली बसलेलं माणूस हात टेकल्याशिवाय उठत नाही. २० च्या खाली कमी धरतात. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असा कोर्स डॉक्टर साधारण आठ आठवडे देतात, तो संपला की थांबायचं असतं, लोक मात्र मेडिकलवरून आणून वर्ष वर्ष खातात आणि कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, मुतखडा असलं नवीन लचांड मागं लावून घेतात.

थायरॉईडला टीएसएच पुरे होते पहिल्यांदा. वजन वाढायलंय, थंडी जास्त वाजते, संडास साफ नाही, पाळी मागं-पुढं, पिंडऱ्या आणि खांदे आखडलेले, तर ही टेस्ट आधी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये सांगा, त्यानं थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

म्हणजे पहिल्या फेरीत सीबीसी, फेरिटिन, बी-१२, डी, टीएसएच, साखर, ईएसआर, सीआरपी, लिव्हर-किडनीची साधी टेस्ट आणि लघवी. एवढंच. लघवी लोक सोडून देतात, "ते कशाला" म्हणून, पण किडनीला सूज असल्याचं पहिल्यांदा तिथंच कळतं. ईएसआरबी सीआरपीसारखा सूज दाखवतो, पण तो नुसत्या रक्त कमी असण्यानंबी वाढतो, त्यामुळं एकट्या ईएसआरवर घाबरू नका.

लोह कमी निघालं तर गोळी चहाबरोबर कधीच नाही, चहात आणि गोळीत तासाभराचं अंतर पाहिजे, लिंबाच्या पाण्याबरोबर घेतली तर उत्तम. संडास काळी होते त्याला घाबरून गोळी बंद करू नका. आणि हिमोग्लोबिन भरून आलं तरी साधारण तीन महिने चालू ठेवायची असते, साठा भरायला. गोळ्या नीट खाऊनबी रक्त वाढत नसेल तर कुठंतरी गळती आहे नाहीतर आतडं शोषत नाही, मूळव्याध आणि जंत बघा, आणि सिलिॲकची म्हणजे गव्हानं आतडं खराब होणाऱ्या आजाराची टेस्ट विचारा.

आपल्या भागातली कारणं, जी पुण्या-मुंबईच्या पॅकेजमध्ये नसतात

चिकनगुनिया. १९७३ ला बार्शीत साथ आली होती, मग तीसेक वर्षं देशात जवळजवळ गायब, आणि २००५-०६ ला परत आला तो गेलाच नाही. ताप चार-पाच दिवसांत जातो पण मनगटं, घोटे, बोटं महिनोन् महिने धरून राहतात, काहींची वर्षभराच्या वर. सकाळी आखडणंबी अगदी आमवातासारखंच, म्हणून दोन्हीत घोटाळा होतो. मागच्या पावसाळ्यात गावात साथ होती का, घरात एकदमच तीन-चार जणांना ताप आला होता का, हे डॉक्टरला आठवणीनं सांगा.

पाणी. पाऊस दगा देतो म्हणून बोअर खोल खोल गेले, आणि काही ठिकाणी त्या पाण्यात फ्लोराईड जास्त. नांदेडकडं किनवटचा पट्टा त्यासाठी माहितीतला आहे. लहानपणापासून तेच पाणी पिलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतात, आणि पुढं मान, कंबर, गुडघे ताठ व्हायला लागतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात, त्याच्या वर नाही. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. तुरटीची कांडी फिरवून, क्लोरीन टाकून किंवा साध्या कँडलच्या फिल्टरनंबी जात नाही, आरओनं जातं. बोअरचं पाणी सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत देता येतं, ग्रामपंचायतीत विचारा. दात पट्ट्यापट्ट्याचे असलेली भावंडं आणि सगळ्यांचेच गुडघे दुखतात, तर माणसाआधी पाणी तपासा.

जनावरं. घरी गाई-म्हशी-शेळ्या आहेत, कोणी धारोष्ण दूध पितं, शेळी अडली की हातानं पिल्लू ओढून काढलं, वार हातानं उचलली, आणि मग कधी येतो कधी जातो असा ताप, रात्री घामानं बनियन ओलं, कंबर आणि खुबा दुखणं, अंगात अजिबात ताकद नाही. हा ब्रुसेलोसिस असू शकतो. कोणीच विचारत नाही म्हणून निघत नाही, वेगळी टेस्ट सांगावी लागते. गोठ्यात जनावरं गाभडत असतील तर तेबी सांगा. औषध आहे, पण दोन गोळ्या मिळून किमान सहा आठवडे, मध्ये सोडलं की परत येतं. दूध उकळूनच प्या, आणि वार-पिल्लू उघड्या हातानं धरू नका.

सिकलसेल, म्हणजे रक्ताच्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आईबापाकडून येणारा आजार. किनवट-माहूरकडच्या आदिवासी कुटुंबांत आणि विदर्भाला लागून असलेल्या भागात जास्त. लहानपणापासून अधूनमधून कावीळ, रक्त कमी, आणि थंडीत, पाणी कमी पिल्यावर किंवा अंगमेहनत झाली की हाडं-सांधे असह्य दुखणं. २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. लग्न जमवायच्या आधी केली तर अजूनच बरं.

आणि एक ज्यावर बायका स्वतः होऊन बोलत नाहीत. बीडकडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय २०१९ ला राज्यभर गाजला. तिशीच्या आतबाहेर पिशवी काढली आणि बरोबर अंडाशयंबी काढली असतील तर पाळी जाण्याचे सगळे त्रास त्याच वयात येतात, अंगातून वाफा, झोप नाही, सांधे दुखणं, हाडं ठिसूळ. अंडाशय ठेवलं असलं तरी ते लवकर थंडावू शकतं. ऑपरेशनचा कागद शोधा, त्यात काय काय काढलंय ते लिहिलेलं असतं, आणि तो कागद बाईच्या डॉक्टरला दाखवा. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा ह्याच्यावर इलाज बराच आहे.

जी कारणं चुकवायची नाहीत

आमवात म्हणजे रुमेटॉइड, बायांना जास्त, दोन्ही हातांची लहान सांधी सारखीच सुजतात. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ह्या टेस्ट. आता हे नीट ध्यानात घ्या, आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवात झालाच असं नाही, आणि निगेटिव्ह आला म्हणून सुटलात असंबी नाही, बऱ्याच पेशंटचा निगेटिव्हच असतो. सुजलेल्या सांध्यावर निदान होतं, कागदावर नाही. पहिल्या काही महिन्यांत औषध लागलं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात, म्हणून ह्यात वर्ष घालवू नका. मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी लिहून दिली तर ती आठवड्यातून एकदाच असते, रोज खाल्ली तर जिवावर बेतते, आणि दिवस राहायचा विचार असेल तर आधी सांगायचं.

पोरांचं कंबरदुखणं. विशी-तिशीतला गडी, तीन महिन्यांच्या वर कंबर धरलेली, पहाटे तीन-चारला दुखून जाग येते, उठून चाललं की बरं वाटतं आणि पडून राहिलं की वाढतं. हे गादी बदलून जात नाही. ह्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात, पहिली काही वर्षं एक्स-रे साफ असतो म्हणून लोक वर्षानुवर्षं चकवा खातात, एमआरआयमध्ये लवकर दिसतो. एचएलए-बी२७ ही टेस्ट मदत करते पण चांगल्या माणसातबी ती पॉझिटिव्ह येते.

ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, जास्त करून तरुण बायांत. गालावर चट्टे, तोंड येणं, केस गळणं, ताप, पायावर सूज, लघवीला फेस, कधी पुन्हा पुन्हा गर्भ पडणं. एएनए नावाची रक्ताची टेस्ट करतात, पण नुसत्या एएनए पॉझिटिव्हवर घाबरू नका, धडधाकट माणसातबी येतो. टीबीसुद्धा विसरू नका, एकाच जागी पाठीचा मणका दुखतोय आणि संध्याकाळी ताप, तर थुंकीच्या पलीकडं तपासावं लागतं.

पुडीतल्या गोळ्या

काही ठिकाणी कागदाच्या पुडीत सुट्ट्या गोळ्या देतात, नाव नाही गाव नाही, दोन दिवसांत माणूस पळायला लागतं. काही बिनलेबलच्या "वाताच्या" चूर्णांचंबी तसंच. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. भूक वाढते, तोंड गोल होतं, बघणारे म्हणतात तब्येत सुधारली. इकडं सूज दबल्यामुळं ईएसआर-सीआरपी नॉर्मल येतात आणि निदान अडतं. लई दिवस घेतलं तर खुब्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड आतून मरतं, जांघेत दुखायला लागतं, आणि तिशीतल्या पोराचा खुबा बदलायची पाळी येते. स्टेरॉइड वाईटच असं नाही, डॉक्टर स्वतः देतात तेव्हा हिशोबानं देतात. पण महिनाभर पुडी खाल्ली असेल तर एकदम बंद करू नका, तेबी धोक्याचं आहे, उरलेल्या गोळ्या तशाच घेऊन एमडी डॉक्टरकडं जा आणि त्यांना दाखवून हळूहळू कमी करा.

सगळं खरंच नॉर्मल आलं तर

तरी दुखणं खोटं नाही. अंगभर दुखतंय, दाबलं की ठिकठिकाणी कळ, सूज कुठंच नाही, झोप उथळ, तर फायब्रोमायल्जिया असू शकतो, तिथं हळूहळू वाढवलेला व्यायाम आणि झोप हेच मुख्य औषध. आणि सहा महिन्यांच्या वर असा थकवा की जरा जास्त काम झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस पार झोपून जातं, डोकं चालत नाही, झोपून ताजंतवानं वाटतच नाही, विशेषतः कोविड किंवा दुसऱ्या तापानंतर सुरू झालेला, तर तो क्रॉनिक फटीगचा आजार. ह्यात जिद्दीनं जिम लावली की उलट बिघडतं, ताकदीच्या आत राहून काम वाटून घ्यावं लागतं. दोन्हींचा सल्ला उलटा आहे म्हणून आधी ओळखायचं.

अंगठा मनगटाला टेकतो, कोपर उलटं वाकतं अशा लवचिक पोरी असतात, त्यांचे सांधे ढिले म्हणून दुखतात. घोरणारा जाड गडी दिवसभर पेंगतो, त्याची झोपच तुटलेली असते. आणि मनाचं ओझं, दोन-तीन परीक्षा हुकल्या, कर्ज, घरचं टेन्शन, ते अंगातूनच बाहेर पडतं. कशातच मन लागत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

डॉक्टरकडं जाताना

आधी एमडी मेडिसिन. हाडाच्या डॉक्टरकडं मार लागला असेल, जांघेतलं दुखणं असेल तर. सांधे सुजतात किंवा पहाटे कंबर उठवते तर संधिवाताचे म्हणजे रुमेटॉलॉजीचे डॉक्टर विचारा. सरकारीत संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडचं मेडिकल कॉलेज आहेच, मेडिसिनच्या ओपीडीला सकाळी लवकर जा.

एकच सांधा एकदम लाल, गरम, सुजलेला आणि ताप, तर ओपीडीची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा, पू झालेला असू शकतो. दम लागणं, छातीत दुखणं, पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, डोळा लाल होऊन दिसायला कमी येणं, हेबी त्याच दिवशी.

बाकीच्यांनी जाताना वही, सकाळचे फोटो, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (गॅसची, केसांची, वजन वाढवायची पावडर सगळी), आणि जुने रिपोर्ट तारखेनं लावून न्या. बसल्या बसल्या "थकवा आहे" म्हणू नका, त्यावर डॉक्टर टॉनिक लिहितात. म्हणा, "तीन महिन्यांपासून सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, दोन्ही हातांची, आणि हा फोटो."